पेटलेला हिरवा भारा

आईच्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिनं सांगितलं की म्हशीनं मान झटकली आणि शिंग लागलं. मी सांगलीहून शाळेची सुट्टी जोडून माहेरी आले होते. माहेर कडेगावपासून थोडं आत, चहूबाजूंनी ऊस असलेलं गाव. आमची म्हैस इतकी म्हातारी आणि गरीब होती, की तिच्या पाठीवर साळुंक्या बिनघोर बसायच्या. मी आईकडे बघत राहिले. ती माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिली. आबा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्यावर बसून चहा पीत होते. तेच म्हणाले, "म्हशीनं न्हाई. मी मारलं."

कप खाली ठेवून ते उठले आणि शेताकडे निघून गेले.

आबांनी कधी आईवर हात उगारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं तारुण्य सगळं फौजेत गेलं. मूळ गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं, पावसाची वाट बघणारं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आईच्या माहेराजवळ कडेगावकडे थोडी जमीन घेतली आणि एका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली. उंच, ताठ, मोजकं बोलणारा माणूस. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मी शिकावं म्हणून ते कुणाशीही भांडले असते. मी आज सांगलीत विज्ञान शिकवते, ती त्यांच्याच हट्टामुळे.

"झोपंत लागलं गं," आबा लांब गेल्यावर आई म्हणाली. "झोपंत हात चालत्यात त्येंचं. वरडत्यात. 'टाक, टाक खाली,' म्हनत्यात. मी हालवून उठवाय गेले, तर फटका बसला. उठल्यावर लहान पोरागत रडलं."

"कधीपासून?"

"लय दिस झालं. आदी नुसतं पुटपुटायचं."

संध्याकाळी मी बांधावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. काही विचारायला लागलंच नाही. ते स्वतःच बोलायला लागले, समोरच्या उसाकडे बघत.

"ओढा असतोय. आपल्या जुन्या गावचा, माणातला. कोरडा ठाक. म्होरनं एक बाई चालल्याली असती. डोक्यावर कडवळाचा भारा. हिरवागार. आन् त्यो पेटलेला असतोय. आता हिरवी वैरन कशी पेटंल? पर पेटल्याली असती. तिला ठावंच नसतंय. सावकाश चालल्याली असती. मी वरडतो, टाक, टाक खाली. ऐकू जात न्हाई तिला. मी पळाय बगतो तर पाय उचलत न्हाईत. मग कसातरी गाठतो, आन् भारा खाली पडावा म्हून हात मारतो. तवर जाग येती. बगतो तर हाताखाली हिचं तोंड."

"कोण असते ती बाई, आबा?"

"तोंड दिसत न्हाई. म्हागनं दिसती. पायात माजं फौजेतलं बूट असत्यात तिच्या."

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "याचा काय अर्थ असंल गं?"

हे विचारणारा माणूस कोण होता, हे सांगायला हवं. माझ्या आजोबांनी धर्मांतरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि आबांनी ती फक्त कागदावर ठेवली नव्हती. आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस, उतारा यातलं काही शिरू शकत नसे. लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी मायेनं माझ्या मनगटात मंतरलेला दोरा बांधला होता. आबा सुट्टीवर आले होते. त्यांनी काकूंना दुखवलं नाही, पण त्या गेल्यावर कात्रीनं दोरा कापला, मला खांद्यावर घेतलं आणि एसटीनं डॉक्टरकडे नेलं. "कारन असतंय प्रत्येक गोष्टीला," असं ते वाटेत सांगत होते. तो माणूस आता एका स्वप्नाचा अर्थ मला विचारत होता आणि माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जशी माझ्या वर्गातली मुलं उत्तराची वाट बघतात.

सांगलीला परत आल्यावर मी माझ्या परीनं अर्थ लावायला बसले. मोबाईलवर वाचलं, मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं. आग म्हणजे फौजेत पाहिलेलं काहीतरी, भारा म्हणजे जबाबदारी, बूट म्हणजे नोकरी, आणि बाई म्हणजे त्यांची आई, जिच्या डोक्यावर सगळं टाकून ते लांब निघून गेले होते. बसवत गेलं की सगळं बसतं. मी फोनवर त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल."

एवढंच. मला लहानपणापासून ते 'असंल' माहीत होतं. पटलं नाही पण समोरच्याचं मन मोडायचं नाही, अशा वेळी ते तसं म्हणत.

गावात गोष्ट लपत नाही. कुणी सांगितलं, बाहेरचं आहे, बघणाऱ्याकडे न्या. कुणी सांगितलं, म्हसवडला सिद्धनाथाला जाऊन या, मूळ गाव तिकडचंच आहे तर काही राहून गेलं असेल. आबांनी सगळ्यांना हात जोडून वाटेला लावलं. मात्र झोपायला जाताना ते स्वतःचा उजवा हात टॉवेलानं खाटेच्या पायाला बांधायला लागले. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. पुढच्या खेपेला मी त्यांच्या मनगटावर वळ पाहिला.

त्याच खेपेला मी स्वतः तो प्रकार पाहिला. दुपारी जेवून ते सोप्यात आडवे झाले होते. मी पेपर तपासत बसले होते. आधी त्यांचे पाय हलायला लागले, चालल्यासारखे. मग ओठ. मग आबांचा आवाज आला, जो आबांचा नव्हता. कोवळा, घाबरलेला, एखाद्या पंचविशीतल्या पोराचा. "टाक की गं. अगं टाक." आणि त्यांनी भिंतीवर मूठ मारली. मी उठेपर्यंत दुसऱ्यांदा मारली. बोटांची सालटं निघाली. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी माझा चेहरा चाचपून पाहिला. मला लागलेलं नाही याची खात्री झाल्यावर मग ते स्वतःच्या हाताकडे वळले.

पोळा झाल्यावर आत्या आली. आबांची थोरली बहीण, म्हसवडच्या बाजूला दिलेली. गुडघे गेलेले, तरी मायणीवरून गाड्या बदलत एकटी आली. भावाला बरं नाही एवढंच तिनं ऐकलं होतं. जेवणं झाल्यावर ती सोप्यात भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "काय दिसतंय रं तुला? मला सांग."

आबांनी सांगितलं. ओढा, बाई, हिरवा भारा, आग. मी आणि आई दारात उभ्या होतो. आत्यानं मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"धाकली हाय ती," ती म्हणाली.

मला धाकटी आत्या माहीत होती ती एका वाक्यापुरती. लग्नानंतर स्टोव्हचा भडका उडून गेली. घरात तिचा फोटो नव्हता. तिच्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि मी कधी विचारलंही नव्हतं, कारण गेलेल्या माणसांबद्दल घरोघरी असंच असतं असं मला वाटायचं.

"तुला आठवत न्हाई व्हय?" आत्या आबांना म्हणाली. "सासरवरनं पळून आलती. चालत. पायात कायबी नव्हतं. तू सुट्टीवर आलतास तवा. मी बाळंतपनाला आलते, पर रानात जात हुते. आमी दोगी कडवळ कापत हुतो. बा म्हनाला, परत सोडून ये तिला, चार लोकांत शोभा नगं. तू बांधावर आलास आन् म्हनालास, चल. ती म्हनाली, दादा, भारा तरी बांधू दे. तू म्हनालास, आक्का बांधंल, यष्टी चुकंल."

आबा मान खाली घालून बसले होते.

"तसाच टाकून गेली. केसात पाती अडकल्या हुत्या. मी म्हनलं, केस तरी झाड. म्हैना झाला नसंल, तवर सांगावा आला."

"स्टो भडकला म्हून तार आलती मला," आबा म्हणाले.

"स्टो कुटला? त्येंच्यात स्टोच नव्हता. चूल हुती."

आई माझ्या शेजारून आत निघून गेली. आत्याचा आवाज चढला नव्हता. इतकी वर्षं ते वाक्य तिनं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, आणि आता ते बाहेर काढताना तिला काही कष्ट पडले नव्हते.

"मला कुनी सांगितलं न्हाई हे," आबा म्हणाले.

"सांगून काय करनार हुतास? तू तिकडं बर्फात. बा म्हनाला, पोराला खरं न्हाई कळवायचं, नोकरी सोडून यील."

मग आबा बोलले, आणि ते आम्हा दोघींना उद्देशून नव्हतं.

"यष्टीत माज्याशेजारी बसली हुती. खिडकीकडं तोंड करून. म्हनाली, दादा, एकदा वतलं हुतं त्येंनी माज्या अंगावर घासलेट. मी पळाले म्हून वाचले. मी म्हनलं, येडी का काय तू, असं कोन करतंय व्हय. मग काय बोलली न्हाई ती. दारात सोडली. तिच्या सासूनं च्या दिला मला. मी प्यालो."

आबा भिंतीला डोकं टेकून रडले. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. आत्या त्यांच्याजवळ सरकली नाही. तिचे गुडघे वाकत नव्हते म्हणून, की तिला जायचं नव्हतं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी आत गेले. आई रिकाम्या चुलीपुढे बसली होती. गॅस आल्यापासून ती चूल फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी पेटत असे.

"मला वाटलं हुतं, ती बाई मी हाय," आई म्हणाली.

"तू का असशील?"

"मला मुलगा झाला न्हाई. कवा बोलून दावलं न्हाई त्येंनी. मला वाटलं, जागंपनी बोलता येत न्हाई, ते झोपंत बाहिर पडतंय. मारत्यात म्हंजी मनापासनंच मारत असत्याल. गाल सुजायचा तवा मी म्हनायची, असू दे, ह्येबी भोगून घिऊ."

मी तिच्याजवळ बसले. इतके महिने आम्ही आबांना काय दिसतं ते विचारत होतो, आणि जिच्या तोंडावर ते स्वप्न येऊन आदळत होतं, तिनं त्यातून काय वाचलं हे कुणीच विचारलं नव्हतं. ती मला सांगत होती आणि ते मुलगा न होणं म्हणजे मीच होते. तिच्या मनात तसं काही नव्हतं. तरी ते वाक्य माझ्यात राहिलं.

बुटांचा अर्थ आत्यालाही लागला नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "बुटाचं मला काय ठावं न्हाई बाई." आबांनाही काही आठवेना.

आत्या गेल्यावर आबांनी हट्ट धरला की मला धाकलीच्या सासरी जायचंय. आईनं नको म्हटलं. माझ्या नवऱ्यानं गाडी दिली, मी चालवत नेली. कडेगाव सोडून माणच्या बाजूला लागलं की उसाचा हिरवा रंग हळूहळू संपत जातो आणि मग फक्त माळ, बाभळी आणि लांबवर पवनचक्क्या दिसतात. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटत होतं की आज काहीतरी होईल. कुणीतरी भेटेल, कुणीतरी कबूल करेल, नाहीतर आबा कुणाची तरी गचांडी धरतील. एवढ्या वर्षांनी का होईना, तिच्या नावानं एक आवाज निघेल.

तसं काही झालं नाही. गाव मोठं झालं होतं. घर ओळखूच येईना, कारण त्या जागी स्लॅबचं नवं घर होतं आणि दारात ट्रॅक्टर उभा होता. धाकट्या आत्याच्या नवऱ्यानं पुढं दुसरं लग्न केलं होतं, आणि तोही मरून किती तरी वर्षं झाली होती. त्याची सून घरात होती. आमच्यासारखंच कुंकू नाही, गळ्यात काळी पोत, माझ्याच वयाची, भली बाई. आम्ही ओळखीपाळखीचे असू असं समजून तिनं चटई टाकली, पाणी दिलं. आबांनी विचारलं, "तुज्या सासऱ्याचं पयलं लगीन झालं हुतं, ठावं हाय का?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "झालं हुतं व्हय?"

तिला खरंच माहीत नव्हतं. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "च्या टाकते," आणि आबा एकदम उठले. चहा नको म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. मी तिला काहीतरी सांगून सारवासारव केली. गाडीत त्यांचे हात थरथरत होते. उजवा जास्त. मला वाटलं, मनाला लागलंय, म्हणून.

आता हे स्वप्न थांबेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. अर्थ लागला होता. वाईट होता, पण लागला होता. जे दाबून ठेवलं ते वर आलं, बोलून झालं, रडून झालं, जागा बघून झाली. आता डोक्यावरचा भारा खाली पडायला हवा होता. आबांनाही तसंच वाटलं असणार, कारण काही दिवसांनी फोनवर ते मला म्हणाले, "तरी येतीच गं ती. आता काय ऱ्हायलंय?"

बदल झाला तो एकच. आधी ती बाई कुणीच नव्हती. आता ती त्यांची बहीण होती. झोपेत ते तिला तिच्या नावानं हाका मारायला लागले. उठल्यावर आधी ते घाबरलेले असत. आता ते दिवसभर खाली मान घालून बसत.

हिवाळ्यात आईनं सांगितलं की आबा चालताना पाय घासतात. आवाज बारीक झालाय. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. एकदा गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला, आणि आबा तिथंच शेजारी बसून होते, त्यांना पत्ताच नव्हता. मी त्यांना आणि आईला सांगलीला आणलं आणि आबांना मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी आबांना चालायला लावलं, बोटांनी टिचक्या वाजवायला लावल्या, एक वाक्य लिहायला लावलं. अक्षर ओळीच्या शेवटाला मुंगीएवढं झालं. आबांचं अक्षर कधी काळी टपोरं होतं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "झोपेत हातपाय मारतात का? ओरडतात?"

मी चमकले. "हो. बराच काळ."

त्यांनी मान हलवली, अपेक्षित उत्तर आल्यासारखी. मग आबांना आईबरोबर बाहेर बसवून मला समजावलं. स्वप्न पडताना माणसाचं शरीर आपोआप सैल पडतं, म्हणून आपण स्वप्नात पळतो पण खाटेवरून उठत नाही. मेंदूतली ती व्यवस्था यांची बिघडली आहे. हा आजार कित्येकदा असाच सुरू होतो, बाकीची लक्षणं दिसायच्या खूप आधी. आता हातपाय आखडत जातील, विसर पडत जाईल, समोर नसलेली माणसं दिसतील. थांबवता येत नाही. त्रास कमी करता येतो.

"पण ते स्वप्न," मी म्हणाले. मी त्यांना ते सगळं सांगितलं. ओढा, भारा, आत्या. ते सांगताना मला माझा आवाज विनवणी करणारा वाटला.

त्यांनी ऐकून घेतलं. "मॅडम, त्यात काय दिसतं याला फारसं महत्त्व नसतं," ते म्हणाले. "या पेशंटना साधारण असंच दिसतं. कोणीतरी मागं लागलंय, नाहीतर कोणाला तरी वाचवायचंय. माझे कितीतरी पेशंट हेच सांगतात."

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. कारण असतं प्रत्येक गोष्टीला, हे मी त्याच माणसाच्या खांद्यावर बसून शिकले होते. तरी डॉक्टरांचा मला राग आला. घासलेट, एसटी, सासूनं दिलेला चहा, चुलीपुढे बसलेली माझी आई, या सगळ्याला त्यांनी 'साधारण असंच' या दोन शब्दांत बसवलं होतं. आणि त्यांचं बरोबर असेल तर आणखी वाईट होतं. मग त्या बाईचं तोंड कोरंच होतं. ते आत्यानं भरलं. आजार आपल्या वाटेनं आलाच असता, पण बहिणीची गोष्ट आली नसती, तर निदान एवढं एक ओझं सोबत न घेता आबांना विसरता आलं असतं.

परत येताना रिक्षात आबांनी विचारलं, "काय म्हनाले? अर्थ लागला का?"

"लागला, आबा," मी म्हणाले. "गोळ्या दिल्यात."

"गोळ्यांनी जाईल व्हय?"

"जाईल."

गोळ्यांनी खरंच गेलं. झोपेतलं ओरडणं, मारणं हळूहळू बंद झालं. आई पुन्हा त्यांच्या खोलीत झोपायला लागली. आम्ही दोघांना सांगलीला आमच्याकडेच आणलं. म्हैस गावातच एकाला दिली. काही महिने बरे गेले. आबा सकाळी कृष्णाकाठी माझ्या नवऱ्याचा हात धरून फिरायला जात आणि परत आल्यावर घाटावर कोण कोण होतं ते सांगत.

नंतर बहीण त्यांना दिवसाउजेडी, जागेपणीही दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. हॉलमध्ये खुर्चीजवळ, खाली फरशीवर ती बसलेली असे. आबा जेवताना आईला म्हणत, "तिला वाड की." आई आधी 'कुनी न्हाई तितं' म्हणायची. मग एक दिवस तिनं खरंच ताट वाढून फरशीवर ठेवलं. आबांचं जेवण होईपर्यंत ते ताट तिथं होतं. नंतर त्यातलं आईनं खाल्लं.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्यांना सगळ्याचा विसर पडत गेला आणि ही एकच गोष्ट राहिली. फौज गेली, कारखाना गेला, माझी शाळा, जावयाचं नाव, सगळं गेलं. ती सासरी परत चालली आहे आणि तिला जाऊ द्यायचं नाही, एवढं मात्र राहिलं. मी सकाळी पर्स घेऊन निघाले की ते भिंत धरत दाराशी येत आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभे राहत. बारीक आवाजात म्हणत, "जाऊ नगंस. मी बाला सांगतो. मी सांगतो त्येला."

"आबा, मी शाळेत चाललेय."

"ते मारत्यात तुला. मला ठावं हाय. तू सांगितलंस मला यष्टीत."

पहिल्या दिवशी मी तिथंच खाली बसले आणि त्यांच्या पायांना धरून रडले. त्यांना वाटलं असेल की बहीण रडतेय. त्यांनी माझ्या केसांतून बोटं फिरवली, काहीतरी वेचून काढल्यासारखी. मग ते रोजचंच झालं आणि रोज रडता येत नाही. शाळेची घंटा होते, मुलं वाट बघतात. मी स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडायला लागले. बाहेर येऊन स्कूटी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मग चालू करायची, म्हणजे त्यांना आवाज जाऊ नये. आई सांगायची, मी गेल्यानंतरही ते बराच वेळ चौकट धरून उभे असत. कुणालाही बाहेर जाऊ देत नसत. दूधवाल्यालाही आत यायला सांगत.

एकदा मी विसरून पुढच्या दारानं निघाले, आणि त्यांचे हात चौकटीवरून मला सोडवावे लागले. एकेक बोट. त्या बोटांत तेव्हाही ताकद होती. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कळणं होतं. आपण पुन्हा तेच करतोय, असं. मी गेले. त्या दिवशी वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवलं.

आता ते उठत नाहीत. पावसाळ्यापासून खाटेवरच आहेत. भरवावं लागतं, घास घशाशी अडकतो. बोलणं गेलंय. डोळे उघडे असतात, पण त्यांत कुणी येत-जात असल्यासारखं वाटत नाही. मी पुढच्या दारानं जाते.

आत्या अधूनमधून फोन करते. तिचं स्वतःचं ऐकू येणं कमी झालंय, म्हणून ती जोरात बोलते. परवा तिनं विचारलं, "अजून दिसती का गं त्येला धाकली?"

"नाही आत्या. आता नाही दिसत."

"आपल्यात मानत न्हाईत तसलं," ती म्हणाली. "पर सुटली म्हनायची पोरगी. भावानं सोडवली."

मला तिला सांगायचं होतं की कुणी सुटलेलं नाही. दिसायला मेंदू लागतो आणि आबांचा संपत आलाय, म्हणून दिसत नाही. आत्या वाट बघत होती, फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता.

"हो," मी म्हणाले.

तेवढ्यात आईनं आतून हाक मारली. आबांची कूस बदलायची होती, आणि ते एकटीला होत नाही. मी फोन ठेवला, आत गेले, आणि आम्ही दोघींनी त्यांना भिंतीकडं वळवलं.